पऱ्हाटीची पोथी

पुस्तक हातात आलं की लगेच उघडायचं नाही. आधी त्याच्याकडे नीट बघायचं आणि विचारायचं, "तू कोण? आणि माझ्याकडे काय काम काढलंस?" हा आमच्या हेडमास्तरांचा नेम. तोही मनातल्या मनात नाही, मोठ्यानं विचारायचं. मी त्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो त्या सकाळी ते ओसरीवर उकिडवे बसले होते, समोर पाठ फाटलेलं एक पुस्तक होतं आणि त्याच्याशी त्यांची उलटतपासणी चालली होती. मला वाटलं, अमरावती सोडून इतक्या लांब आलो आणि वरिष्ठ मिळाला तो हा असा. आल्या पावली परत फिरावं असं मनात आलं, पण गाडीवान मला उतरवून केव्हाच निघून गेला होता.

ही गोष्ट कापसाच्या तेजीतली. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, त्यामुळे ज्यांनी वऱ्हाडाचं नावही ऐकलं नव्हतं ते आमच्या काळ्या मातीचे गोडवे गात होते. अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. कापसाच्या गाड्यांनी उडवलेली धूळ आमच्या दौतीतसुद्धा पडायची. अशा दिवसांत पोराला शाळेत कोण धाडतो? वेचणीला लहान हातही चालतात. सरकारी शाळा नवीनच निघालेली, मारुतीच्या देवळामागे दोन खोल्यांत भरायची. मुलं कमी झाली तर शाळा उचलून अकोटला नेऊ, असा वरून दम आला होता. अकोटात मास्तरांची वाण नव्हती, तेव्हा इथली शाळा उठली की माझी नोकरीही उठणार, हे मला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. नुकतंच लग्न होऊन मी बिऱ्हाड मांडलं होतं.

हेडमास्तर पुण्याकडचे. उंच, जरा वाकलेले, पागोटं कायम एका कानावर आलेलं, उपरण्याच्या टोकाला फुटाण्यांची गाठ. एकटे राहायचे, हातानं भात शिजवायचे आणि तो जवळजवळ रोज करपायचा, कारण चुलीपुढेही त्यांच्या हातात काहीतरी वाचायला असायचं. गाव त्यांना 'तू-कोण मास्तर' म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या मते मनातून आवडतही होतं.

कारण ते माणसांनाही तेच विचारत. कोणी बोलायला आला की म्हणत, "थांबा. हे गाऱ्हाणं आहे, बातमी आहे, की नुसती बढाई? आधी सांगा, म्हणजे मी त्या बेतानं ऐकतो." एकदा गावचे पाटील दारात आले. त्यांनाही हाच प्रश्न. पाटील गोंधळून म्हणाले, "काई नाई जी, रामराम घालाले आलो." "मग रामराम," हेडमास्तर म्हणाले आणि पुस्तक घेऊन आत गेले. पाटील बराच वेळ तिथंच उभे होते. शेवटी मीच त्यांना पानसुपारी दिली.

मुलांची अडचण निराळी होती. त्यांच्या लेखी कागदावर काळं दिसलं की ती पोथी. भूगोलाचं पुस्तक हातात दिलं तरी आधी कपाळाला लावत, आणि आत जे असेल ते देवाचं म्हणून खरं मानत. एकानं तर नकाशाला हळदकुंकू वाहिलं होतं. मी असतो तर दोन छड्या देऊन मोकळा झालो असतो. हेडमास्तरांनी मात्र सगळी पुस्तकं पाटावर ओळीनं मांडली आणि मुलांना त्यांची नाती लावून दिली.

"पोथी म्हणजे आपली आजी. हातपाय धुऊन तिच्यापुढे बसायचं. ती सांगते आणि शेवटी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. बखर म्हणजे मामा. झालेलंच सांगतो, पण आपल्या घराण्याची बाजू जरा वर ठेवून सांगतो, तेव्हा गालात हसत ऐकायचं. वर्तमानपत्र म्हणजे बाजारातून धापा टाकत आलेला शेजारी, उद्या येऊन उलटंही सांगेल. पंचांग ही आत्या. आज हे करू नका, उद्या ते करू नका. आणि हे गोष्टीचं पुस्तक, ही मावशी. हिचं सगळं रचलेलं, पण जवळ घेऊन सांगते, म्हणून हिच्यावर रागवायचं नाही."

"मंग भूगोल कोन जी?" एकानं विचारलं.

"भूगोल हा दूरगावचा पाहुणा. त्याला प्रश्न विचारून विचारून बेजार करायचं."

त्या दिवसापासून वर्गात पुस्तक आलं की पोरं ओरडत, "तू कोन?" आणि मग आपसात भांडत, हा मामा की ही मावशी. एका जुन्या बाडावरून तर मारामारी झाली. ते घोड्यांच्या औषधांचं बाड निघालं. हेडमास्तर इतके खूश झाले की त्यांनी त्याला सर्वानुमते गावचा वैदू करून टाकलं.

अलंकार ते पुस्तकातून शिकवत नसत. उपमा म्हणजे काय, तर ती दारात उभी राहून विचारते, येऊ का? 'सारखा', 'जसा', 'परी' हे तिचं दार वाजवणं. रूपक दार वाजवत नाही, सरळ चुलीपाशी जाऊन बसतं. "आमच्या काकावानी," एक पोरगं म्हणालं. "बघ, तू उपमा दिलीस," म्हणून लगेच उपरण्याची गाठ सुटली आणि त्याच्या हातावर फुटाणे पडले. ही त्यांची रीतच होती. रोज प्रत्येकानं येताना एक उपमा आणायची, पण ताजी. कोणी आणलेली नसावी अशी. 'चंद्रासारखं तोंड' आणलं की ते नाकाला पदर लावल्यासारखं करत आणि म्हणत, "शिळी आहे, बाळ. ज्याची आणलीस त्याला नेऊन दे."

यावरून एकदा मजा झाली. संध्याकाळी एक शेतकरी काठी घेऊन तणतणत आला. "मास्तर, माह्या पोरानं काय चोरून आनलं, जे तुमी वापस नेऊन द्याले सांगतलं? घरात तं काई दिसून नाई राहिलं." हेडमास्तरांनी त्याला बसवलं आणि सगळं समजावलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे बोलाचं शिळं बी असते?" मग जाताना दारातून वळून म्हणाला, "आमच्या घरी तं सारं शिळंच बोलतात." त्यालाही फुटाणे मिळाले.

मला सांगायचं तर, सुरुवातीला हे सगळं मला पोरकट वाटे. परीक्षेला आलेले साहेब गुणाकार विचारतात, फुटाणे नाही. पण हळूहळू मीच येताना वाटेत काहीतरी शोधू लागलो. पाटलांचा नातू नाम्या, बारीक चणीचा, छडीला भलता भिणारा. त्यानं एकदा सांगितलं, "बोंड फुटलं नं, तं ते झोपेतून उठल्यावानी दिसते. केस पिंजारलेले." त्यानंतर मी कपाशीच्या वावराकडे तसं न बघता कधी राहू शकलो नाही.

त्याच सुमारास गावात एक आवई उठली. अकोटकडच्या कोणा कास्तकारानं म्हणे आपल्या गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. चाकावरच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे धावा, काढून चांदीच्या. कापसाच्या पैशानं माणसं काय काय करत होती, तेव्हा गावानं ते लगेच मानलं. वर्गात प्रश्न आला, ही अतिशयोक्ती की बातमी? मी म्हणालो, उघड अतिशयोक्ती. हेडमास्तर म्हणाले, "दुय्यम, तुम्ही पाहिलंत का? मग चला."

ते मला दुय्यम म्हणत. नावानं कधी हाक मारल्याचं आठवत नाही. तर दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पोरांची दिंडी निघाली, मी मागून, ते पुढे. ऊन चढल्यावर त्या गावी पोचलो. कास्तकार भला माणूस होता. चाक बघायला शाळा आलीय म्हटल्यावर त्यानं गाडी अंगणात काढली. चाकाच्या धावा लोखंडाच्याच होत्या, गंजलेल्याही होत्या थोड्या. पण बैलांच्या शिंगांच्या टोकांवर टोपणासारख्या शेंब्या होत्या, त्या मात्र चांदीच्या.

"धावा कायच्या चांदीच्या जी?" तो हसला. "गोट्यावर घासून महिनाभरात झिजून जातीन. पयले लोक म्हनत, शेंब्या चांदीच्या. मंग म्हनाले, धावा. मी तं एक शब्द बोललो नाई. गोष्ट आपल्या पायानंच हिंडून राहिली."

हेडमास्तरांनी त्याचे हात धरले. परतीच्या वाटेवर ते पोरांना एकच विचारत होते, यात खरं किती, वाढवलेलं किती, आणि वाढवणाऱ्याला नेमकं चाकच का सुचलं. नाम्या म्हणाला, "शेंबी एका जागी राह्यते. चाक फिरते. गोष्ट बी फिरते, म्हनून चाकाले लावली." हेडमास्तर वाटेतच थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "दुय्यम, हे मला सुचलं नसतं." घरी आल्यावर मी बायकोला हा प्रवास सांगितला. ती म्हणाली, "एवढ्या उन्हातून बैलाची शिंगं बघायला गेला होता?"

आता पोथीचं सांगतो.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बायका वावरात सीतादही करतात. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, कपाशीच्या झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, फुटलेल्या बोंडातला कापूस हलक्या हातानं ओढून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात आणि दहीभात वावरात शिंपडतात. मग वेचणी सुरू. पाटलांच्या आईनं, जिला सगळं गाव मोठीमाय म्हणे, त्या साली शाळेलाही बोलावलं. मी हे लहानपणापासून पाहिलेलं. हेडमास्तर पहिल्यांदाच बघत होते. ते इतके वाकून बघत होते की एका बाईनं त्यांच्या पागोट्यावर दहीभात टाकला.

"दुय्यम," ते येताना म्हणाले, "ही उपमाच की. कापूस दह्यासारखा पांढरा होवो, हे यांनी तोंडानं न म्हणता हातानं म्हटलं." दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचेना.

त्यातूनच पोरांनी पोथी केली. पुस्तकाची जात ओळखायची तर ते एकदा स्वतः करून बघायचं, असं त्यांचं मत. याआधी पोरांनी शाळेच्या विहिरीची बखर केली होती, भिंतीवर वर्तमानपत्र लावलं होतं, ज्यात 'हेडमास्तरांचे पागोटे वाऱ्याने पडले' ही मुख्य बातमी होती. आता पऱ्हाटीची पोथी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. लांबट सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या, माझ्या बायकोच्या जुन्या खणाचं तांबडं बासन. आत ओव्या. आधी नमन:

नमन माझे गणनायका । कापूस पिकू दे निका ।
अळीचा न राहो धोका । आमुच्या शिवारी ॥

मग पऱ्हाटी कोणाची लेक, ती काळ्या मातीच्या घरी कशी नांदायला आली, अशी कथा. आणि शेवटी फलश्रुती. ती नाम्याकडे होती. आजी शेवटी आशीर्वाद देते, तेव्हा पोथीनंही द्यायला पाहिजे, हे त्यानं पक्कं लक्षात ठेवलं होतं.

जो हे वाची धुऱ्यावरी । त्याची बोंडे होती भारी ।
छडी न पडे हातावरी । त्याचिया मुला ॥

हेडमास्तर हसून हसून बेजार झाले. नाम्याला पोथी घरी दाखवायला नेऊ दिली. तिथंच सगळं बदललं.

मोठीमायला वाचता येत नव्हतं. तांबडं बासन, सुटी पानं, फळ्या. तिनं पोथी देव्हाऱ्यात ठेवली. सीतादही झालंच होतं, पण वेचणी चालू होती, तेव्हा तिनं नाम्याला धुऱ्यावर बसवून ती वाचायला लावली. पोरानं वाचली. त्याला शाळेत वाचायला सांगत, तसंच हे. त्या साली पाटलांच्या वावरात पीक असं आलं की वेचणाऱ्या बायांच्या ओट्या पुरेनात. खरं तर गावात सगळ्यांचंच बरं आलं होतं. पण पोथी पाटलांकडे होती.

पुढल्या हंगामापर्यंत ओव्यांच्या नकला निघाल्या. आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. गावचे जोशीबुवा मोठे विद्वान, त्यांनी ओव्यांचा अर्थ लावायला घेतला. छडीची ओवी आली तेव्हा ते म्हणाले, ही साधी छडी नव्हे, हा यमदंड समजावा. मूल म्हणजे जीव. लोक माना डोलवत. मी आणि हेडमास्तर देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होतो. "नाम्यानं छडी म्हणजे छडीच लिहिली," हेडमास्तर माझ्या कानात म्हणाले, "आणि बुवांनी तिचं रूपक केलं. काय छान केलं हो." तेव्हा त्यांना त्यात नुसतं कुतूहल होतं. माणसं एखाद्या ओळीत काय काय बघतात, हे ते फुटाणे खात टिपत होते.

आणि माझं म्हणाल तर मी सुखात होतो. ज्या शाळेत ही पोथी झाली ती शाळा पवित्र, म्हणून पोरं येऊ लागली. ज्यांना आणायला दारोदार जावं लागे ते बाप स्वतः पोराला खांद्यावर बसवून आणत. बसायला तरटं कमी पडली. दसऱ्यानंतर डिप्टी साहेब तपासणीला येणार होते आणि पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटत नव्हती. बायकोनं दारापुढे तुळस लावली.

मग एके दिवशी दुपारी शेजारच्या गावचा एक माणूस आला. तरणाच होता. त्यानं शाळेच्या उंबऱ्याला हात लावला आणि खाली बसला. "मास्तर, माह्याकडून काय चुकलं, तेवढं सांगा. पोथी वाचली. बोंडं फुटाच्या आधी, धुऱ्यावर दही ठेवून वाचली. तरी पऱ्हाटीले अळी लागली, सारी बोंडं गेली."

हेडमास्तरांनी नेहमीसारखं विचारलं नाही, हे गाऱ्हाणं की बातमी.

"घरचीनंच काई केलं असन," तो म्हणाला. "दह्याले हात लावताना तिनं शिवाशिव पाळली नसन. मी तिले बोललो बी तसं. तिच्या माहेरी नेऊन घातली. आता पुढच्या साली दुसऱ्याच्या हातचं दही घेतो. चालन नं?"

तो गेल्यावर हेडमास्तर वर्गात आले नाहीत. वर्ग मीच घेतला. शाळा सुटल्यावर ते म्हणाले, "दुय्यम, उद्या पारावर सगळ्यांना बोलवा. पोरांनी ओव्या कशा केल्या ते पोरंच सांगतील."

मला त्यांचा राग आला. सरळ सांगतो, भयंकर राग आला. मी म्हणालो, "साहेब येऊन जाऊ द्या. मग सांगा. तेवढं थांबलात तर शाळा वाचते."

"आणि तोवर ती बाई माहेरी बसेल."

"ती एक बाई. इथं सगळी पोरं परत वावरात जातील. माझंही घर आहे."

"तुमचं घर आहे हे मला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती. "दुय्यम, मी या पोरांना एकच गोष्ट शिकवली. पुस्तकाला विचारा, तू कोण. आता त्यांचंच पुस्तक गावोगाव खोटं नाव सांगत फिरतंय आणि मी गप्प बसलो, तर मी काय शिकवलं?"

दवंडीचं सांगायला महाराकडे मीच गेलो. रागात गेलो, पण गेलो.

पारावर गाव जमलं. शेजारच्या गावचा तो माणूसही आला होता, त्याला हेडमास्तरांनी निरोप धाडला होता. पोरं एकेक करून उभी राहिली. हे नमन, प्रत्येक पोथीत असते म्हणून आम्ही घातलं. ही कथा रचलेली, ही मावशीवानी. हे अळीचं माह्या बापानं सांगतलं. मग नाम्या. "शेवटचं मी लिवलं. बोंडाचं बी, छडीचं बी. मले छडीचं भेव वाटते, म्हनून."

हसलं कोणीच नाही. जोशीबुवांनी उपरणं झटकलं आणि ते निघून गेले. पाटील उभे राहिले. "मास्तर, सालभर तुमी आमच्या धुऱ्यावर पोरखेळ वाचाले लावला?"

"मी लावला नाही, पण थांबवलाही नाही," हेडमास्तर म्हणाले. "फुटाणे खात मजा बघितली. पोरांना बोल लावू नका, मला लावा." मग त्या शेजारगावच्या माणसाकडे वळून म्हणाले, "दादा, तुमच्या घरच्यांकडून काही चुकलं नाही. अळी दह्यानं येत नाही आणि ओवीनं जात नाही. हा आशीर्वाद एका लहान पोरानं लिहिला. तो कोणालाच लागू होत नव्हता."

तो माणूस नाम्याकडे बघत राहिला. बारीक चणीचं पोर, नाक पुसत उभं. मग तो उठला, धोतर झटकलं आणि चालू लागला. त्याचं गाव एका बाजूला, आणि तो निघाला दुसऱ्या बाजूला. कोणीतरी म्हणालं, तिकडं त्याची सासुरवाडी आहे.

बाकी मला वाटलं होतं तसंच झालं. तरटं मोकळी पडली. डिप्टी साहेब आले तेव्हा वर्गात थोडीच पोरं होती. त्यांनी गुणाकार विचारले, पोरांनी सांगितले. साहेबांनी विचारलं, बाकीची मुलं कुठे? हेडमास्तर म्हणाले, "खरं सांगितलं, म्हणून गेली." साहेबांना ते उत्तर कुठं लिहावं कळलं नसावं. शाळा अकोटला हलवण्याचा हुकूम आला. मला अमरावतीला परत जावं लागणार होतं, हेडमास्तरांची बदली कुठेतरी चिखलदऱ्याच्या पायथ्याकडे. बायकोनं तुळस शेजारणीला दिली. मी हेडमास्तरांशी कामापुरतं बोलत होतो.

त्या साली पाऊस लांबला, बोंडं उशिरा फुटली. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा नाम्या आला. "मोठीमायनं बलावलं. दोघायलेबी. वावरात."

जाऊ नये असं मला वाटत होतं. पाटलांच्या घरी आता काय ऐकायला मिळेल, कोण जाणे. गेलो. धुऱ्यावर बायका जमलेल्या, दहीभाताची पातेली झाकलेली, झाडाला हळदकुंकू लावून झालेलं. मोठीमाय मध्ये बसली होती आणि तिच्या मांडीवर ते तांबडं बासन होतं. हेडमास्तरांचा चेहरा पडला.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "ही पोथी नाही. मी पारावर सांगितलं होतं."

"आयकलं," मोठीमाय म्हणाली. "कान हायेत मले. पोथी नाई तं नाई. लेकरायनं पऱ्हाटीचं गानं केलं. पऱ्हाटीपुढं पऱ्हाटीचं गानं म्हनाले काय हरकत?" तिनं बासन सोडलं आणि पानं नाम्याच्या हातात दिली. "वाच रे. फक्त ते शेवटचं नोको वाचू. ते देल्या शब्दाचं हाय, आन् तो शब्द तुले पाळता येत नाई."

नाम्यानं वाचलं. नमन झालं, पऱ्हाटी काळ्या मातीच्या घरी नांदायला आली, पाऊस आला, बोंडं फुटली. बायका ऐकत होत्या. मध्ये एकदोघी हसल्या, तिथं हसायचंच होतं. हेडमास्तर काही विचारत नव्हते, काही टिपत नव्हते. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मग माझाही राग राहिला नाही.

नाम्या शेवटच्या पानाशी थांबला. सगळ्यांना ठाऊक होतं तिथं काय आहे. एका बाईनं सवयीनं हात जोडले होते, ते तिनं खाली घेतले.

मोठीमाय उठली, झाडाजवळ गेली. फुटलेल्या बोंडातला कापूस तिनं ओढला आणि बाजूच्या झाडापर्यंत नेला.

"पिकशीन तं पिक, माय," ती झाडाला म्हणाली. "नाई पिकली तरी पुढच्या साली येतोच आमी."

मग तिनं पातेल्यात हात घातला आणि वावरात दहीभात शिंपडला.